ग्रुपला कुलूप लावण्याआधी

सिंहगड रस्ता परिसरातल्या सोसायट्यांच्या आणि वस्त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांच्या सर्व अ‍ॅडमिन मंडळींस,

स.न.वि.वि.

येत्या रविवारी तुम्ही सगळे अ‍ॅडमिन एकत्र बसणार आहात असं कळलं. परिसराचे मोठे ग्रुप ‘फक्त अ‍ॅडमिन मेसेज टाकू शकतील’ या सेटिंगवर न्यायचे, म्हणजे सरळ मराठीत कुलूप लावायचं, असा प्रस्ताव आहे म्हणे. तुमच्या त्राग्याचं मला नवल वाटत नाही. सकाळी सहापासून सुप्रभाताची फुलं, मग टँकर का आला नाही, मग गेटसमोर कोणाची पांढरी अ‍ॅक्टिव्हा, त्यावरून दोन बिल्डिंगांचं भांडण, आणि संध्याकाळी निवडणुकीचा प्रचार. हे सगळं फुकटात आवरायचं, वर ‘अ‍ॅडमिन झोपलेत का?’ हेही ऐकून घ्यायचं. मी तुमच्या जागी असते तर केव्हाच ग्रुप सोडला असता.

तरीही कुलूप लावू नका, एवढं सांगायला हे पत्र.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मागच्या गल्लीतल्या एका बाईंनी रात्री दहाच्या सुमारास मेसेज टाकला. सासऱ्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, उद्या डिस्चार्ज आहे, कोणाकडे वॉकर आणि कमोडची खुर्ची मिळेल का, काम झालं की परत करीन. आणि शेवटी ‘रात्री त्रास दिल्याबद्दल सॉरी’. पहिली पाच मिनिटं चार जणांनी नुसते हात जोडले. (हे आपल्याकडे होतंच. हात जोडून काय सुचवायचं असतं, मला आजवर कळलेलं नाही.) मग नाल्यापलीकडच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांचं उत्तर आलं : ‘आईचा वॉकर माळ्यावर आहे. काढून ठेवतो. एका पायाचं रबर गेलंय, सकाळी मेडिकलमधून आणून बसवतो.’ आणि लगेच खाली दुसरा मेसेज : ‘सासऱ्यांची उंची किती?’

हा प्रश्न वाचून मी चष्मा पुसला. वॉकरच्या पायांना भोकं असतात, बटण दाबून पाय वरखाली करता येतात. हात सोडून उभं राहिलं की मूठ मनगटाशी यायला हवी, नाहीतर माणूस वाकून चालतो आणि पाठ धरते. त्यांची आई ठेंगणी, म्हणून चारही पाय सगळ्यात खालच्या भोकात बसवलेले. सकाळी ते स्वतः वॉकर घेऊन आले, त्या आजोबांसाठी चारही पाय दोन भोकं वर घेतले, जमिनीवर आपटून बटणं नीट बसलीत का बघितलं, चहा नको म्हणाले आणि कामावर गेले. दोन घरांची त्याआधी ओळख नव्हती. अंतर चालत सात-आठ मिनिटांचं. काम झाल्यावर वॉकर परत द्यायला गेल्यावर ते म्हणाले, मला कशाला, पुढे ज्याला लागेल त्याला द्या. तो आता कितव्या घरी आहे कोण जाणे.

पुण्यात रुग्णोपयोगी साहित्य अनामत रकमेवर देणाऱ्या संस्था आहेत, चांगल्या आहेत. पण रात्री दहाला त्या बंद असतात. आणि आपल्या गल्लीत कोणाच्या माळ्यावर काय धूळ खात पडलंय, हे कोणत्याच संस्थेच्या रजिस्टरात नसतं. तुमच्या ग्रुपला कुलूप असतं तर त्या बाईंनी काय केलं असतं? अ‍ॅडमिनला वैयक्तिक मेसेज. अ‍ॅडमिन लग्नाला नाशिकला गेलेला. सकाळी त्याने तो पाहिला असता, ‘योग्य वाटल्यास’ टाकला असता. तोवर आजोबा अ‍ॅम्ब्युलन्समधून घरी.

तुम्ही म्हणाल, असे मेसेज किती, आणि फुलं किती. प्रमाण वाईट आहे हे कबूल. पण सूचनांसाठीच ग्रुप हवा असेल तर जिन्यातला फळा काय वाईट होता? मोबाइलवरच्या ग्रुपचा फळ्याहून वेगळा उपयोग एकच : रहिवाशाला विचारता येतं. ‘कोणाकडे आहे का?’ हे तीन शब्द ज्या ग्रुपवर टाकता येत नाहीत तो ग्रुप नुसता पाणीकपातीचं वेळापत्रक.

आणि विचारणं सोपं नसतं हो, निदान आपल्यासारख्या मध्यमवर्गीय माणसांना तरी. देताना हात पुढे येतो, मागताना जीभ अडखळते. पूर्वी विरजण मागायला शेजारी जाताना आई वाटी पदराखाली धरून जायची. आता दार बंद, लॅच लागलेलं, शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते नावाच्या पाटीवरूनही समजत नाही, कारण पाटी मालकाची आणि राहणारा दुसराच. अमेरिकेत २०१३ साली वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज आयलंडवर रेबेका रॉकफेलर आणि लीझल क्लार्क या दोघींनी ‘बाय नथिंग’ नावाने शेजाऱ्यांचा एक फेसबुक ग्रुप काढला. विकत घेणं नाही, विकणं नाही, अदलाबदल नाही. द्या, मागा आणि आभार माना. त्यापूर्वी दहा वर्षं, २००३ मध्ये, टूसॉन शहरात डेरॉन बील यांनी ‘फ्रीसायकल’ सुरू केलं होतं, तेही नको असलेली वस्तू हवी असलेल्याला फुकट पोचवण्यासाठी. मला या दोघींची गंमत वाटते ती अशी, की त्यांनी मागण्याला देण्याच्याच पंगतीला बसवलं. मागणाऱ्याने ‘सॉरी’ म्हणायची गरज ठेवली नाही. आणि सुरुवातीला नियम असा, की माणसाने आपल्या राहत्या भागाच्या एकाच ग्रुपात असावं. वस्तू घ्यायला जाताना चालत जाता यावं आणि उद्या भाजीच्या दुकानात तोच माणूस भेटावा. आपले ग्रुप तर आधीपासूनच तसे आहेत, कोणी न ठरवता.

ग्रुप नसताना माणसं एकमेकांना मदत करत नव्हती, असं मी म्हणत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबईत फोन लागत नव्हते. तरी रात्रभर चालत निघालेल्यांना रस्त्याकडेच्या चाळींतल्या आणि झोपडपट्ट्यांतल्या लोकांनी चहा-बिस्किटं दिली, घरात घेतलं. पण कोणतं दार उघडेल ते ठोठावल्याशिवाय कळत नव्हतं. बारा वर्षांनी २९ ऑगस्ट २०१७ ला, पाच दिवसांच्या गणपतीच्या विसर्जनाला, मुंबई पुन्हा तुंबली. या वेळी लोकांनी ट्विटरवर आपापले पत्ते टाकले : आमच्याकडे दोघांची सोय होईल, दादरला आहे, फोन करा. कोणीतरी ते पत्ते एका तक्त्यात गोळा केले. गणपती मंडळं आणि गुरुद्वारे अडकलेल्यांसाठी उघडे होते तेही त्यातूनच लोकांना समजलं. अनोळखी माणसाला आपल्या घराचा पत्ता जाहीरपणे देणं, तेही मुंबईत! एरवी आपण कुरिअरवाल्यालासुद्धा गेटवर ये म्हणतो.

२०२१ चा एप्रिल तुम्हाला मी आठवून द्यायला नको. ऑक्सिजनचा बेड, रेमडेसिव्हिर, प्लाझ्मा. त्या दिवसांत तुमच्यापैकी कित्येकांनी फोन उशाशी घेऊन झोप काढली आहे, ते मला माहीत आहे. त्या महिन्यात एक चांगली सवय आपल्याला लागली होती. यादी टाकताना लोक लिहायचे, ‘रात्री ११.१० ला फोन करून खात्री केली’. घरात अडकलेल्यांच्या दारात डबा ठेवून बेल वाजवून मागे सरणारी माणसं याच ग्रुपांतून जमली होती. आणि तेव्हा समाजमाध्यमावर मदत मागणाऱ्यांवर कारवाईची भाषा देशात काही ठिकाणी झाली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२१ ला स्पष्ट बजावलं, की नागरिक आपली अडचण तिथे मांडत असतील तर त्यांचा आवाज दाबू नका, दाबलात तर न्यायालयाचा अवमान समजू. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने जे दार उघडं ठेवायला सांगितलं ते आपण सोसायटीच्या बैठकीत बंद करायचं, हे मला तरी रुचत नाही.

आता जवळची गोष्ट. २५ जुलै २०२४ ची पहाट. खडकवासल्यातून पाणी सोडलेलं, मुठेला पूर, आणि एकतानगरीतल्या सोसायट्यांमध्ये लोक झोपेत असतानाच पाणी शिरलं. नंतर अग्निशमन दलाच्या बोटी आल्या, लष्कराची तुकडी आली, हे सगळं बातम्यांत येऊन गेलं आहे. बातम्यांत न आलेलं सांगते. नदीकडेच्या एका सोसायटीच्या ग्रुपला तेव्हाच कुलूप होतं. नाव घेत नाही. तळमजल्यावरच्या एका मुलाला पार्किंगमध्ये पाणी दिसलं. त्याने फोटो काढला, टाकायला गेला, तर मेसेज लिहायची जागाच नाही. अ‍ॅडमिन चौथ्या मजल्यावर गाढ झोपेत. मुलाने मजले चढत बेल वाजवत माणसं उठवली. तरुण होता म्हणून जमलं. शेजारच्या सोसायटीचा ग्रुप उघडा होता, गोंगाटाचा होता, रोज शिव्या खाणारा होता. तिथे ‘गाड्या हलवा, पाणी आलंय’ हा मेसेज एका जागरण करणाऱ्या विद्यार्थ्याने टाकला आणि दहा मिनिटांत तळमजल्यावरच्या आजी वर पोचल्या. दिवस उजाडल्यावर आमच्या उंचावरच्या गल्लीतून कोरडे कपडे, पाण्याचे कॅन गेले. एका काकांनी तर अख्ख्या जिन्यातल्या लोकांचे मोबाइल पिशवीत भरून नेले आणि घरी चार्ज करून परत आणून दिले, प्रत्येकावर चिकटपट्टीने नाव लावून.

तुमची दुसरी भीती कायद्याची. कोणी भलतंच काही टाकलं तर पोलीस अ‍ॅडमिनला धरतात, ही समजूत घट्ट बसली आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात याचा निकाल दिला आहे. सदस्याने ग्रुपवर आक्षेपार्ह काही लिहिलं तर, त्याचा आणि अ‍ॅडमिनचा मिळून तसा हेतू किंवा आधीपासूनचा बेत असल्याचं दिसत नाही तोवर, केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येणार नाही. त्या अ‍ॅडमिनवरचा गुन्हाच रद्द झाला. शिवाय तेव्हा अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज पुसता येत नव्हता. २०२२ पासून कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसून टाकायची सोय आली आहे. ती वापरा की! फुलं पुसा. प्रचार पुसा. एकदा पुसलं की माणूस रागावतो, तीनदा पुसलं की सुधारतो.

पण जिथे खरंच तातडीने पुसायला हवं, तिथे आपण ढिले असतो, आणि हे मी तुम्हाला जरा कडक शब्दांत सांगणार आहे. ‘आज दुपारी सी विंगमध्ये हा संशयित इसम फिरताना दिसला’, खाली फोटो. फोटोत कोण? भंगार घेणारा. गाद्या पिंजणारा. पार्सलवाला, ज्याला लिफ्ट वापरू दिली नाही म्हणून तो जिन्यात दम खात बसलेला. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, रविवारच्या आठवडी बाजाराला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा त्या भागात मोबाइलवरून फिरत होत्या. बहुरूप्याचं, भिक्षेकऱ्याचं पोट ज्या गावोगावच्या अनोळखी दारांवर चालतं, त्याच दारांनी त्यांना संपवलं. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचांहून जास्त ठिकाणी पुढे पाठवायला बंदी घातली. तोवर पाच माणसं गेली होती.

आपला परिसर राईनपाडा नाही, सुशिक्षित आहे, असं म्हणून झटकू नका. मारहाण होत नसेल. पण फोटो टाकून कोणाचं काम घालवणं इथे होतंच. माणसाचा फोटो ‘संशयित’ म्हणून टाकायचा नाही, संशय असेल तर पोलिसांना ११२ लावायचा, एवढा एक नियम केलात आणि न चुकता पाळलात तर कुलपाची निम्मी गरज संपेल. अनोळखी माणसाला वॉकर देणारा आणि अनोळखी माणसाचा फोटो टाकणारा, दोघे एकाच ग्रुपात आहेत, कधी कधी तर एकच माणूस आहे. कोणत्या वागण्याला तिथे जागा मिळते, ते तुमच्या हातात आहे.

रक्ताच्या मेसेजबद्दलही बोलायलाच हवं. ‘अमुक हॉस्पिटल, ए निगेटिव्ह, अर्जंट’. तारीख नाही. फोन केला तर पलीकडचा थकलेला आवाज सांगतो, अहो तो पेशंट घरी जाऊन वर्ष झालं, रोज फोन येतात. आपल्याच मुंबईत १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवलेला ‘बॉम्बे’ रक्तगट आहे. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा. नेहमीच्या चाचणीत तो ओ वाटतो, पण त्यांना ओ गटाचंसुद्धा रक्त चालत नाही, बॉम्बेच लागतं. अशा पेशंटसाठी दाते शहर ओलांडून येतात, आणि त्यांना शोधायला असे मेसेजच कामी येतात. शिळ्या मेसेजांनी लोकांचा विश्वास एकदा उडाला, की खऱ्या वेळी कोणी फोन उचलायचं नाही. तेव्हा तारीख-वेळ नसलेला मदतीचा मेसेज चालणार नाही, आणि गरज भागली की टाकणाऱ्यानेच ‘भागली’ लिहून मूळ मेसेज पुसायचा. एवढं तर सगळे करू शकतात.

हरवलेल्या माणसांचंही तेच. स्मृतिभ्रंश झालेले एक आजोबा सकाळी फिरायला म्हणून निघाले आणि परतले नाहीत. फोटो सगळ्या ग्रुपांवर फिरला. त्यांना ओळखलं राजाराम पुलाजवळच्या एका इमारतीच्या वॉचमनने. तो कोणत्याच ग्रुपात नाही. तिथल्या एका ताईंनी दूध घ्यायला खाली आल्यावर त्याला फोन दाखवला, तो म्हणाला, हे तर मघाशी इथे कठड्यावर बसले होते, मी पाणी दिलं. त्याने पळत जाऊन त्यांना गाठलं. आजोबा घरी आले. फोटो मात्र पुढे कित्येक आठवडे फिरत राहिला, घरचा पत्ता आणि सुनेचा नंबर यांच्यासकट.

त्या वॉचमनवरून मला माझ्या खऱ्या मुद्द्यावर यायचं आहे. तुमच्या ग्रुपांत कोण नाही? वॉचमन नाही, कामाला येणाऱ्या मावशी नाहीत, इस्त्रीवाला नाही. त्यांचं एक वेळ सोडा, त्यांच्यात आणि आपल्यात पगाराचा व्यवहार आहे, ग्रुपात त्यांना आपलं भांडणही वाचावं लागेल. पण भाडेकरू? बहुतेक सोसायट्यांनी ग्रुप ‘फक्त सभासदांसाठी’ ठेवला आहे. मालक बाणेरला नाहीतर बोस्टनला, तो ग्रुपात. आणि जी मुलगी लातूरहून नोकरीला आली, दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते, रात्री तापाने फणफणली तर जिला कोणाचा दरवाजा वाजवावा कळत नाही, ती बाहेर. पूर आला तर पाणी तिच्या खोलीत शिरतं, बोस्टनला नाही. सभासदांचे हिशेब, निवडणुका, देखभाल खर्च, त्यांचा वेगळा ग्रुप करा, त्याला खुशाल कुलूप लावा, मी स्वतः टाळ्या वाजवीन. पण राहणाऱ्यांचा एक ग्रुप हवा, जो त्या इमारतीत झोपतो तो त्यात हवा, बॅचलर असो, नाव कसंही असो.

नावाचं मुद्दाम लिहिलं. कोणाला फ्लॅट भाड्याने द्यायचा नाही यावर काही ग्रुपांत जे लिहिलं जातं ते मी वाचलेलं आहे, आणि ते लिहिणाऱ्यांनीच २०२१ मध्ये प्लाझ्मा मागितला तेव्हा दात्याचं आडनाव विचारलं नव्हतं.

रविवारच्या बैठकीत माझं म्हणणं एवढंच मांडा. कुलपाऐवजी दोन ग्रुप, एक सूचनांचा बंद, एक मदतीचा उघडा. मदतीच्या ग्रुपवर फक्त हवंय, देतोय, हरवलं, सापडलं आणि धोका. बाकी सगळं पुसायचं. प्रत्येक ग्रुपला एकाऐवजी तीन अ‍ॅडमिन, त्यांतला एक तरी रात्री जागणारा. असे विद्यार्थी आणि नाइट शिफ्टवाले आपल्याकडे ढिगाने आहेत, त्यांना कोणी कधी विचारलंच नाही. आणि भाडेकरूंचा विषय ‘ऐनवेळचे विषय’ म्हणून शेवटी ढकलू नका, तिथे तो नेहमी चहात बुडतो. पहिल्या क्रमांकावर घ्या.

मी मुदतीच्या ठेवींच्या पावत्या लिहीत बँकेत आयुष्य काढलं, आता वेळच वेळ आहे. तीन अ‍ॅडमिनांपैकी एक म्हणून माझं नाव लिहून घ्या. रात्री अकराला मी झोपते, पण पहाटे चारला उठते.

कळावे, लोभ असावा.

आपली,
सिंहगड रस्त्यावरची एक रहिवासी
(सभासद, आणि त्याआधी नऊ वर्षं भाडेकरू)